लंब पाचावर

या कामात पेंटरला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एका पेपरचा भत्ता. जायचं-यायचं गाडीभाडं. चार तास पंख्याखाली बसणं आणि मधे एक फुकटचा चहा. एवढ्यासाठी कोणी आपली सकाळ मोडत नाही. पण यादीच्या तळाशी एक बाब अशी होती, की ती पेंटरने बायकोलाही सांगितली नव्हती. ज्या शाळेत परीक्षेचं केंद्र होतं, तिथे नवं सभागृह उभं राहिलं होतं आणि त्याच्या भिंतीवर देणगीदारांची दोनशे नावं रंगवायची होती. हेडसर म्हणाले होते, "परीक्षेला लेखनिक म्हणून येताय ना? मग उत्तरपत्रिकेतच तुमचं अक्षर बघतो." दोनशे नावं म्हणजे चार महिन्यांचं काम. मशीनवर छापलेले फलक आल्यापासून पेंटरच्या हाताला सलग चार दिवस काम मिळालं नव्हतं.

परीक्षा सरकारी शिष्यवृत्तीची होती, अपंग विद्यार्थ्यांसाठीची. ज्यांना दिसत नाही त्यांनी उत्तरं तोंडी सांगायची आणि लेखनिकाने ती उतरवायची. लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणजे पदरचं काही घुसडणार नाही, असा नियम. परीक्षेला बसणारी मुलगी दहावीची. शाळेच्या क्लार्कने सगळीकडे शोधलं, तर ज्यांचं अक्षर बरं ते जास्त शिकलेले आणि जे कमी शिकलेले त्यांचं अक्षर देवालाही लागणार नाही असं. पेंटर एकटाच असा निघाला, की अक्षर मोत्याचं आणि नववी दोनदा नापास.

"एवढी वर्षं जी गोष्ट पाहुण्यांपासून लपवली," बायको म्हणाली, "ती आता सरकार दाखला म्हणून मागतंय. नशीब काढलंत."

"शिकून वाया गेलेले पुष्कळ आहेत," पेंटर म्हणाला. "न शिकून कामी आलेला मी पहिला."

मुलगी इस्त्रीवालीची. कोपऱ्यावरच्या त्या अरुंद दुकानात आई इस्त्री करायची आणि मुलगी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालायची. तिला गल्लीत सगळे 'मास्तरीण' म्हणत, कारण ती कोणाचीही चूक ऐकून घेत नसे. भाजीवाल्याची बेरीजही नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर दोन वर्षांची फी, वसतिगृह आणि पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र, सगळं सरकारचं. शंभरपैकी ऐंशी गुण हवेत. एकोणऐंशी आणि शून्य यांची किंमत सारखीच. नाही मिळाली, तर घड्या घालणं होतंच. "घडी घालायला डोळे कशाला लागतात," असं गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणत, आणि ते ऐकलं की आईची इस्त्री क्षणभर एकाच जागी थांबे.

"भाऊ, दोन दिवस सरावाला या," ती पेंटरला म्हणाली होती. "तिच्या बोलण्याची सवय होईल तुम्हाला."

"वहिनी, तीस वर्षं लोकांनी सांगितलेलं लिहितोय. त्यात सराव कसला?"

"तुम्ही पाट्या लिहिता, काका," मास्तरीण म्हणाली. "पाटी चार शब्दांत संपते."

पेंटर हसला आणि सरावाला गेला नाही.

परीक्षेला त्या दोघांना वेगळी खोली दिली होती. एक बाक, एक टेबल, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यात पर्यवेक्षिका बाई. दहा प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. तीन तास अधिक एक तास सवलतीचा. पेंटरने पेन उघडलं, कागद तळहाताने दोनदा सारखा केला आणि पहिला प्रश्न वाचून दाखवला. मास्तरीण सांगू लागली.

ती सांगत होती आणि तो लिहीत होता. लिहीत होता म्हणजे काय, घडवत होता. प्रत्येक शिरोरेघ एका पातळीत, प्रत्येक वेलांटीला बाक, उत्तराच्या मथळ्याखाली दुहेरी रेघ, तीही एक जाड नि एक बारीक. अर्ध्या तासाने हेडसर फेरीला आले, मागून वाकले आणि हळूच म्हणाले, "वा." त्या एका 'वा'वर पेंटरने पुढच्या पानाच्या चारही बाजूंना समास आखले. मास्तरीण दोन वाक्यांच्या मधे थांबून राही. आधी दोन श्वास, मग चार, मग दहा. पेंटरला वाटलं, पोर आठवतेय.

पाचवा प्रश्न भूमितीचा. त्रिकोणाचा पायथा चौदा, डावी बाजू तेरा, उजवी पंधरा; शिरोबिंदूतून पायथ्यावर लंब टाका, त्याची लांबी काढा, क्षेत्रफळ काढा. आकृती मापात हवी.

"आकृती सोडून दिलीस तरी चालतं," पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी नियमात सूट आहे."

"आकृतीचे तीन गुण आहेत, बाई. ते सुटीवर कशाला पाठवू?" मास्तरीण म्हणाली आणि पेंटरकडे वळली. "काका, खालून चार बोटं जागा सोडा. आडवी रेघ चौदा सेंटिमीटर. डावं टोक ब, उजवं क. आता कंपासात तेरा घ्या, टोक ब वर. मग पंधरा, टोक क वर. दोन कंस जिथे कापतील तिथे अ."

पेंटरने आडवी रेघ मारली आणि कंपास बाजूला ठेवला. त्रिकोणासाठी कंपास घ्यायला तो काय शाळकरी होता? तीस वर्षांत हजार पाट्या त्याने नजरेने मध्य काढून लिहिल्या होत्या. त्याने शिरोबिंदू काढला, दोन बाजू जोडल्या, लंब सोडला. त्रिकोण असा देखणा उतरला की देवळाच्या कळसावर बसवावा.

"झालं," तो म्हणाला.

"लंब पायथ्यावर कुठे पडला?"

"कुठे म्हणजे? मधोमध."

मास्तरीण अगदी शांतपणे म्हणाली, "मधोमध पडणार नाही, काका. तो ब पासून पाचावर पडेल. तुम्ही कंपास घेतला नाहीत."

पेंटरने पट्टी लावून बघितलं, सात आणि सात. डावी बाजू तेरा नव्हती, उजवी पंधरा नव्हती; दोन्ही सारख्या, कारण त्याच्या हाताला एका बाजूला कललेलं काही सोसतच नव्हतं. ती आकृती त्याने एका रेघेने खोडली. पुढच्या पानावर नवा पायथा आखला. कंपासात तेरा घेतले, कंस मारला. पंधरा घेतले, कंस मारला. दोन्ही जिथे कापले तिथून गुण्या लावून लंब सोडला. मग पट्टी ठेवली आणि डोळे बारीक केले.

पाच. पाचाच्या रेघेवर, केसाइतकंही इकडे-तिकडे नाही.

तो पट्टीकडे बघत राहिला. कागद त्याच्यापुढे होता, पट्टी त्याच्या हातात होती, दोन चांगले डोळे त्याचे होते; आणि त्रिकोण मात्र तिच्याकडे होता. तो काढायच्या आधीच तिच्याकडे पुरा, मापासकट उभा होता. आपण फक्त त्याच्यापर्यंत उशिरा पोचलो.

"पाचच आहे," तो म्हणाला.

"हो. मग लंब बारा, क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी. आता लिहा."

त्याने लिहिलं. मथळ्याखाली रेघ मारायला पट्टी उचलली, तोच पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, "शेवटचा एक तास."

"काका," मास्तरीण म्हणाली, "माझे पाच झालेत. आणखी तीन नाही झाले तर मी गेले. आणि आठही बिनचूक हवेत, एकही गुण जाऊन चालणार नाही."

"तू आठवायला वेळ घेत होतीस ना?"

"मी तुमच्या पेनसाठी थांबत होते. प्रत्येक मथळ्याखाली तुम्ही दोन रेघा मारता. दुसरी मारताना पट्टी सरकल्याचं ऐकू येतं मला." ती रागावली नव्हती, भाजीवाल्याला सांगावं तसं सांगत होती. "मला उतरवून हवंय. रंगवून नको."

पेंटरने पट्टी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.

"सांग," तो म्हणाला. "थांबू नकोस."

आणि ती सुटली. सहावा प्रश्न, त्याचं कारण, कारणाचं उदाहरण, उदाहरणातला अपवाद; सातव्याची गणितं पायरीपायरीने, आकडा न अडखळता; एकदा म्हणाली, "मागच्या उत्तरात तिसऱ्या वाक्यात 'म्हणून' दोनदा आलंय, एक काढा," आणि खरंच आलं होतं. पेंटरच्या शिरोरेघा तुटल्या. वेलांट्या उडाल्या. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत निघाली, डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी, फक्त वाचता येतील एवढीच. मनगट पेटलं होतं. धान्याचं भरलेलं गोदाम, पोती छतापर्यंत नीट रचलेली, आणि दारात एकच हमाल, तोही म्हातारा: असं त्याला वाटलं. तीन तास हा हमाल पोत्यांवर नक्षी काढत बसला होता.

घंटा झाली तेव्हा आठ प्रश्न पुरे होते आणि नवव्याचा पहिला तुकडा झाला होता. दहावा कोरा.

उत्तरपत्रिका ऑफिसात सीलबंद व्हायची होती. हेडसरांनी ती कौतुकाने उघडली, पहिली पानं चाळली, मागची बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही शेवटची पानं कोणी लिहिली? दोन हात दिसतायत. असं असेल तर मला शेरा मारावा लागेल. पेपर रद्द होऊ शकतो."

दाराबाहेर इस्त्रीवाली मुलीचा हात धरून उभी होती. पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, "सर, मी समोरच होते. दुसरं कोणी आलं नाही."

"मग हे काय आहे?"

पेंटरला दोन-चार सोप्या सबबी सुचल्या. वय झालं, हात दुखला, पेन बिघडलं. पण सबब म्हणजे संशयाला जागा.

"दोन्ही मीच लिहिलंय, सर," तो म्हणाला. "पहिले पाच प्रश्न तुमच्यासाठी लिहिले. भिंतीचं काम मिळावं म्हणून. पुढचे तिच्यासाठी लिहिले." टेबलावरचा कोरा कागद ओढून त्याने एक ओळ सावकाश लिहिली, आणि तीच ओळ खाली झपाट्याने. दोन्ही समोर ठेवल्या.

हेडसरांनी कागद बराच वेळ पडताळला. मग दोन्ही ओळींखाली सही केली, पर्यवेक्षिकेची घेतली आणि कागद उत्तरपत्रिकेला जोडून पाकीट बंद केलं.

"भिंतीचं मात्र अवघड आहे," ते पेंटरकडे न बघता म्हणाले. "दोनशे माणसं आहेत. कोणाचं नाव तुम्ही कोणासाठी लिहिताय, ते मी कुठे बघत बसू?"

निकाल दोन महिन्यांनी लागला. चौऱ्याऐंशी. जेवढं लिहून झालं होतं, त्यातला एक गुणसुद्धा कापलेला नव्हता. पेंटरने गुणपत्रक इस्त्रीच्या टेबलावर ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं, आणि बाकीचे सोळा कुठे गेले ते दुकानातल्या तिघांनाही माहीत होतं. तो काही बोलणार, तर मास्तरीण म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी कोणी दुसरा परीक्षार्थी आला की सरावाला जा म्हणजे झालं."

हिशेब एवढाच. दोन वर्षांची फी, वसतिगृह आणि यंत्र यांचे पैसे सरकारने भरले. आईने एक दिवस दुकान बंद ठेवलं. पेंटरने किंमत म्हणून दोनशे नावं भरली. ती आता मशीनने कापलेल्या अक्षरांत भिंतीवर आहेत, सगळी अगदी मधोमध. आणि सोळा गुण, जे तिचेच होते, ते मास्तरणीने भरले. पावती मागितली नाही ती फक्त तिने.