रुपालीचा बुधवार

आमच्या अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या अपार्टमेंटमध्ये रुपाली राहायला आली ती फ्रान्समधली तीन वर्षं सोबत घेऊनच. नवऱ्याच्या कंपनीने त्यांना लियाँला पाठवलं होतं. तिथून परतली, तरी विषय कुठलाही असो, तिचा बुधवार त्यात यायचाच.

"तिकडे बुधवारी शाळाच नसायची गं. रीमा आणि मी दिवसभर दोघीच. लाडू वळायचो, गप्पा मारायचो."

लाडू मी सोसले असते. पण ही रीमा मला "मावशी, चहात साखर किती घालू?" असं स्वच्छ मराठीत विचारायची, आणि तिच्याच वयाची, नऊ वर्षांची माझी इशिता मला "व्हॉटेव्हर, मॉम" म्हणायची. मी ऑफिसमधून येईपर्यंत तिचं अर्धं चिप्सचं पाकीट आणि सगळा दिवस संपलेला असायचा. मी जळत होते, सरळ सांगते. रुपालीच्या दागिन्यांवर नाही, नव्या गाडीवर नाही, त्या मेल्या बुधवारावर.

म्हणून २००५ सालच्या उन्हाळ्यात माझा नवरा सुशांत म्हणाला, "दोन वर्षं मॉन्ट्रियलला जायची ऑफर आहे, काय करू या?" तेव्हा मी एकच प्रश्न विचारला.

"तिथे शाळा फ्रेंच ना?"

"हो, फ्रेंचच."

"मग अ‍ॅक्सेप्ट कर."

तो बघतच राहिला. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला आणि इशिताला सांगितलं, आता दर बुधवारी शाळा नाही, आपण दोघीच घरी. तिने टीव्ही बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली. आपणहून असं तिने कितीतरी दिवसांत केलं नव्हतं.

"एव्हरी वेन्सडे? प्रॉमिस?"

"प्रॉमिस. लाडू करू."

"कॅन वी मेक पिझ्झा?"

"पिझ्झा करू," मी म्हटलं.

निघायच्या आधी रुपालीने आम्हाला जेवायला बोलावलं. इशिताने आल्या आल्या रीमाला आपली बातमी सांगितली. मी रुपालीच्या चेहऱ्याकडेच बघत होते. याच क्षणाची तर मी वाट बघत होते. वरण वाढता वाढता ती थांबली.

"मॉन्ट्रियलला? अगं, तिथे पाचही दिवस शाळा असते, इथल्यासारखीच. बुधवारची सुट्टी फ्रान्समध्ये. माझी बहीण ब्रसेल्सला आहे, तिच्याकडे तर बुधवारी अर्धा दिवस भरतेच. भाषा एक असली म्हणून शाळा थोडीच एक असते?"

आता हिच्या पोटात दुखतंय, मला वाटलं, आणि जेवण एकदम चविष्ट लागायला लागलं. "तुला नीट माहीत नसेल," मी गोड आवाजात म्हणाले. "सुशांत, दाखव रे तिला."

सुशांतने त्यांच्या कॉम्प्युटरवर इशिताच्या नव्या शाळेची वेबसाइट उघडली. सोमवार ते शुक्रवार. इशिता माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती सोफ्यावर जाऊन बसली आणि तिने टीव्ही लावला.

"आणि त्या बुधवारचं एवढं काय घेऊन बसलीस?" रुपाली माझ्या पानात पोळी वाढत म्हणाली. "त्याच्या बदल्यात शनिवारी सकाळी शाळा असायची. रोज दुपारी दोन तास जेवणाची सुट्टी. आणा, जेवू घाला, पुन्हा सोडा. तीन वर्षं मी शाळेच्या फाटकाशीच उभी होते यार. इथे आले, तर तू रोज सकाळी गळ्यात बॅज घालून निघायचीस. मी खिडकीतून बघत बसायचे. इतका राग यायचा तुझा."

मी घास तसाच धरून बसले. माझ्याकडे बघून कोणी जळत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आता आमचं ग्रीन कार्ड आलंय, मलाही नोकरी करता येईल," ती जरा चाचरत म्हणाली. "तुझ्या जागेवर अजून कुणाला घेतलं नसेल, तर माझं नाव सुचवशील?"

नाही कशी म्हणणार? मी मॅनेजरचा नंबर सांगायला लागले. बॅज घालून निघालेली रुपाली डोळ्यांसमोर आली आणि मी पुन्हा जळले.

तेवढ्यात इशिताने सोफ्यावरूनच विचारलं, "मॉम, इफ आय हॅव स्कूल एव्हरी डे, व्हॉट विल यू डू ॲट होम?"

नंबर सांगता सांगता माझे आकडे चुकले. रुपाली म्हणाली, "शेवटचे आकडे पुन्हा सांग ना."