हवापालट

लोकांच्या खोल्या चिडीचूप करून देणं हा त्याचा धंदा. गाणारे, तबला बडवणारे, शेजाऱ्यांना विटलेले, सगळे त्याला ‘चिडीचूप’ म्हणूनच ओळखायचे आणि त्यालाही ते नाव आवडायचं. गिऱ्हाइकाला तो ऐटीत सांगे, "हवेतून येणारा आवाज भोळा. फटी बुजवल्या की निम्मा मेला. खरा लबाड लोखंडातून येणारा. हवेपेक्षा कितीतरी पट जोरात पळतो आणि दमत नाही." म्हणून लोकांच्या घरी तो प्रत्येक नळाला रबर गुंडाळायचा.

स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. नवराबायकोच्या खोलीला दुहेरी भिंती, दाराला रबर, सगळं झोकात. कोपऱ्यातून गरम पाण्याचा लोखंडी नळ जात होता, तो दिसायला वाईट. म्हणून त्यानं एक पातळ प्लायवूड थेट नळावरच पट्ट्यांनी आवळून टाकलं. घरचं काम, तपासतंय कोण?

तोच नळ पुढे बाबांच्या खोलीतून जायचा. बाबांना ऐकू येत नसे. त्यांना चहा हवा का विचारायचं, तरी अख्ख्या जिन्याला कळायचं. बाबा आपले नळाला टक्कल टेकवून, डोळे मिटून बसून असत. म्हाताऱ्याला ऊब लागते, असं तो कौतुकानं सांगायचा.

त्याला बाबांची खोली हवी होती, गिऱ्हाइकांना बसवायला. बाबांना ताईकडे कायमचं पोचवायचं, पण सांगायचं हवापालट म्हणून, हे त्या बंद खोलीत ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं. बायको रोज भांडत होती.

"मी त्यांना फसवून घालवणार नाही," ती म्हणाली.

"तू काही बोलूच नकोस. ताईला मी सांगतो, सुनेला झेपत नाही म्हणून. सुनांना लोक नावं ठेवतातच, आणखी थोडी ठेवतील."

त्यावर तिनं दिवा मालवला. त्याला वाटलं, पटलं.

सकाळी तो घसा साफ करून बाबांच्या खोलीत गेला. बाबा पलंगावर बसले होते आणि बॅग भरून तयार होती.

"बाबा, थोडी हवापालट..." त्यानं बेंबीच्या देठापासून सुरुवात केली.

बाबांनी हात वर केला. "ओरडू नकोस. हवेतून मला काही येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, कानाचं दार बिघडलंय, आतलं घर शाबूत आहे. हाडातून येतं सगळं." त्यांनी नळावर दोन टिचक्या मारल्या. "तुझ्या खोलीतलं तर फार स्वच्छ येतं."

त्याला त्या क्षणी प्लायवूड आठवलं. डफावर कातडं ताणावं तसं ते त्यानं स्वतःच्या हातानं ताणलं होतं. शरमेनं त्याला बापाकडे बघवेना.

"सूनबाईचं नाव मधे घालायचं नाही," बाबा म्हणाले. "ती काय बोलली आणि तू काय बोललास, मला माहीत आहे."

मग त्यांनी बॅग उचलली आणि दारात थांबून, अगदी सहज चौकशी करावी तसं विचारलं, "ताईकडचे नळ प्लॅस्टिकचे आहेत ना रे?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"बरं झालं. लेकीचं तरी काही ऐकायला नको."