एमिलियाची जपानी सुरी

मित्रांनो, अंधेरीला सहार विमानतळाजवळ एक मोठं स्वयंपाकघर आहे. विमानातल्या प्रवाशांचं जेवण तिथे तयार होतं. त्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या लाकडी फळीत एक लांब, अरुंद सुरी खोवलेली दिसेल. तीच मी. माझं पातं एका बाजूनेच तासलेलं आहे, दुसरी बाजू सपाट. नवीन आलेला माणूस मला पाहून हमखास विचारतो, ही कुठली बुवा? मी जपानची. जुनी आहे, पण अजून कामात आहे.

जपानमध्ये साकाई नावाचं शहर आहे. तिथल्या एका लोहाराने नरम लोखंडावर कडक पोलादाची पट्टी ठेवली, भट्टीत घालून दोन्ही एकजीव केली आणि ठोकून ठोकून मला लांब केलं. मग मी लालबुंद असतानाच मला पाण्यात बुडवलं. अशा वेळी चांगली चांगली पाती तडकतात. मी तडकले नाही. दुसऱ्या कारागिराने मला धार लावली, तिसऱ्याने मूठ बसवली आणि मी टोकियोला मोरिता नावाच्या म्हाताऱ्या आचाऱ्याकडे येऊन पडले. सगळे त्यांना आदराने मोरितासान म्हणायचे.

मोरितासानांचं दुकान त्सुकिजीच्या मासळीबाजाराला लागून होतं. आठ माणसं बसली की दुकान भरलं. ते सुशी करायचे. सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताचा अंगठ्याएवढा मुटका आणि त्यावर कच्च्या माशाचा पातळ काप. ऐकायला सोपं आहे. मोरितासान पन्नास वर्षं हेच करत होते आणि अजून जमलं असं त्यांना वाटत नव्हतं. मला त्यांनी शिष्यासाठी राखून ठेवलं होतं. आधी दोन शिष्य आले आणि कंटाळून गेले. मी पेटीतच राहिले.

१९८४ साली एका जपानी विमान कंपनीने ठरवलं की मुंबईहून निघणाऱ्या आपल्या विमानात सुशी द्यायची. त्यासाठी अंधेरीच्या या स्वयंपाकघरातून एकाला तीन महिने मोरितासानांकडे शिकायला पाठवायचं होतं. मोरितासानांनी कळवलं होतं, पुरुष पाठवा. आली एमिलिया.

एमिलिया मरोळ गावातली. तिशीची, ठेंगणी, कमी बोलणारी. तिची आई अँजेलिना मरोळच्या बाजारात मासळी विकायची, त्यामुळे मासा साफ करण्यात एमिलियाचा हात कोणी धरू शकत नव्हतं. म्हणून तिची निवड झाली. पण त्याच स्वयंपाकघरात तिच्याहून सहा वर्षं जुना असलेला आचारी फिलिप मनात धरून बसला होता की जाणार तर आपणच. ती निघाली त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. हे मला खूप नंतर कळलं.

मोरितासान तरुणपणी जहाजावर आचारी होते, त्यामुळे मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी एमिलियाचे हात आपल्या हातात घेतले आणि मान हलवली. बाईचे हात उष्ण असतात, त्याने मासा बिघडतो, असं त्यांनी तिला सांगितलं. त्यांच्या गुरूने त्यांना तेच सांगितलं होतं. एमिलियाने वाद घातला नाही. शेजारी बर्फाच्या पाण्याची बादली होती. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात बुडवले आणि तशीच उभी राहिली. लहानपणापासून ती आईच्या टोपलीतला बर्फ फोडत आली होती. तिच्या हातांना त्याचं काही नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने हात बाहेर काढून त्यांच्या हातात दिले. मोरितासानांनी पेटी उघडली आणि मला तिच्यापुढे ठेवलं. मात्र कापायला नाही. रोज मला पुसायचं आणि परत ठेवायचं, एवढंच.

कापायला मिळालं नाही, कारण आधी भात शिकायचा होता. तीन आठवडे ती फक्त तांदूळ धुवत होती. पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा, पण दाणा मोडता कामा नये. शिजला की पसरट लाकडी भांड्यात काढायचा, वरून व्हिनेगर शिंपडायचं, एका हाताने वारा घालत दुसऱ्या हाताने उलथायचा आणि अंगाइतका कोमट झाला की थांबायचं. एमिलियाला सुरुवातीला अवघड गेलं, कारण मरोळला चिकट भात झाला तर बाई वाढायला लाजते, आणि इथे चिकटच हवा होता. तिचे मुटके कधी दगडासारखे घट्ट व्हायचे, तर कधी उचलताच सुटायचे. मोरितासान एकच शब्द बोलायचे, पुन्हा. ती पुन्हा करायची. मी पेटीतून हे सगळं पाहत होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं, ही टिकणार.

चौथ्या आठवड्यात एका पहाटे मोरितासान तिला मासळीबाजार दाखवायला घेऊन गेले आणि मलाही बरोबर घ्यायला सांगितलं. मित्रांनो, तो बाजार काय वर्णावा! मोटार लावलेल्या गाड्या सुसाट पळत होत्या. ओल्या फरशीवर माणसाएवढे कुपा, म्हणजे ट्यूना मासे ओळीने मांडले होते, बर्फात गोठून पांढरे पडलेले. त्यांच्या शेपट्या कापून ठेवल्या होत्या. रबरी बूट घातलेले व्यापारी विजेरी लावून तो काप पाहत, चिमूटभर मांस बोटांत चोळत आणि काही न बोलता पुढे जात. मग घंटा वाजली आणि लिलाव सुरू झाला. लिलाव पुकारणारा माणूस असा काही तालात ओरडत होता की एमिलिया हसायला लागली. तिच्या आईची हाक अशीच होती. कुपा म्हणजे आमच्याकडे गरिबाचा मासा, असं तिने मोरितासानांना सांगितलं, तेव्हा त्यांनी एकाची किंमत सांगितली आणि तिचं हसू थांबलं.

आणि एवढा मोठा बाजार, पण कुठे घाण वास नाही. माशी नाही. प्रत्येक दुकानदार दर थोड्या वेळाने आपली फळी धूत होता. एमिलिया एका जागी उभी राहून बराच वेळ ते धुणंच पाहत राहिली.

मग मोरितासानांनी तिला बांगड्यांच्या तीन खोक्यांपुढे उभं केलं आणि विचारलं, कोणतं घेशील? भाषा येत नव्हती तरी इथे तिला कोणाची गरज पडली नाही. तिने कल्ला उचलून आत पाहिलं, पोट अंगठ्याने दाबलं, वास घेतला, आणि तिसऱ्या खोक्यावर हात ठेवला. दुकानदाराने मोरितासानांकडे पाहिलं. त्यांनी तिसरं खोकं घेतलं. तिथेच फळीवर त्यांनी एक बांगडा ठेवला, मला तिच्या हातात दिलं आणि ते बाजूला सरकले.

तो माझा पहिला काप. मला पुढेमागे करवतीसारखं चालवायचं नसतं. मुठीकडून टोकापर्यंत एकदाच ओढायचं असतं. तिने श्वास रोखला आणि ओढलं. काप आरशासारखा गुळगुळीत निघाला.

शेवटच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. मोरितासान एका जुन्या गिऱ्हाइकाशी बोलत बसले आणि एक उत्तम मासा तेवढा वेळ बर्फाबाहेर राहिला. बोलणं संपल्यावर त्यांनी तो उचलला, दाबून पाहिला आणि फेकून दिला. एमिलियाला फार वाईट वाटलं. अजून चांगला होता, ती म्हणाली. मोरितासान म्हणाले, शिजवायला चांगला होता. निघताना त्यांनी मला स्वच्छ कापडात गुंडाळून दोन्ही हातांनी तिला दिलं.

अशी मी अंधेरीला आले.

पहिलं सुशीचं जेवण ऑक्टोबरमध्ये जायचं होतं. चाळीस प्रवासी, दुपारचं विमान. उन्हाचा असा तडाखा होता की भिंतीसुद्धा तापल्या होत्या. सुरमई घेऊन येणारी गाडी साकीनाक्याला दोन तास अडकून पडली. खोकी उघडली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. एमिलियाने सुरमईचं पोट दाबलं. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला, भरून आला नाही.

व्यवस्थापक श्यामसुंदर हे घाईघाईने आले. मासा तर झकास दिसतोय, सुरू करा, असं म्हणाले.

"सर, ही मी कापणार नाही," एमिलिया म्हणाली.

"मग तुला तीन महिने जपानला कशाला पाठवलं?"

"हेच शिकायला, सर."

श्यामसुंदर यांचा चेहरा उतरला. त्यांचाही इलाज नव्हता, वरून फोनवर फोन येत होते. ते फिलिपकडे वळले आणि म्हणाले, तू काप. एमिलिया बाजूला झाली. तिची नोकरी जाणार हे सगळ्यांना कळत होतं, तिलाही.

फिलिपने मला उचललं. या दिवसाची तो किती महिने वाट पाहत होता! त्याने मला सुरमईवर टेकवलं. त्याच्या तळहाताचा घाम माझ्या मुठीला लागत होता. तो खाली वाकला, कल्ल्याजवळ नाक नेलं आणि तसाच थांबला. मग त्याने मला अलगद फळीवर ठेवलं.

"सर, माझ्या पोरीला मी ही कच्ची देणार नाही," तो म्हणाला. "मग त्यांना कशी देऊ?"

पुढचा एक तास मी आयुष्यात विसरणार नाही. एमिलियाने भात घेतला आणि फिलिपने न सांगता काकड्या सोलायला घेतल्या. अंड्याच्या गोडसर पोळ्या झाल्या, कोळंबी उकडली गेली. चाळीस ताटं वेळेवर विमानात चढली आणि एकातही कच्चा मासा नव्हता. ती सुरमई तिखटमीठ लावून, तळून कामगारांच्या पानात पडली आणि सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

तीन दिवसांनी विमान कंपनीचा जपानी अधिकारी आला. मासा का नव्हता, त्याने विचारलं. एमिलिया म्हणाली, चांगला नव्हता. त्याने विचारलं, भात कोणी केला होता? मी, ती म्हणाली. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि श्यामसुंदर यांना सांगितलं की मासा जाणार की नाही हे यापुढे या बाई ठरवतील. श्यामसुंदर यांचंही मला कौतुक वाटतं. त्यांनी राग धरला नाही. पुढच्याच आठवड्यापासून जाड पेट्या आल्या, दुप्पट बर्फ आला आणि गाडी उजाडायच्या आत निघू लागली.

त्यानंतरची चार वर्षं फार सुखाची गेली. एमिलिया प्रत्येक कापानंतर मला पुसायची, शनिवारी धारेच्या दगडावर घासायची, तेलाचं बोट फिरवायची. परदेशी पाहुणे आले की तिचं काम बघायला थांबायचे. ती मान वर करायची नाही.

मग एकदा ती रजेवर असताना फिलिपला अननसाचा डबा उघडायचा होता. डबा उघडायचं हत्यार सापडेना. घाई होती. हाताशी मी होते. माझं टोक डब्यात शिरलं आणि कट्‌कन मोडलं.

फिलिप घाबरला. त्याने मला तशीच ओली, अननसाचा रस लागलेली, वरच्या माळ्यावर जुन्या ताटांच्या मागे सरकवलं. मी साध्या पोलादाची, मला पाणी सोसत नाही. दोन दिवसांत माझ्यावर तांबूस ठिपके आले, आठवड्यात त्यांचे डाग झाले. एमिलियाने परत आल्यावर सगळ्यांना विचारलं. फिलिपलाही विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही. रोज काम संपलं की ती फळ्या, खण, कोपरे धुंडाळायची. असे चार महिने गेले.

शेवटी फिलिपलाच ते सहन होईना. एके दुपारी तो माळ्यावर चढला, मला वर्तमानपत्रात गुंडाळून खाली आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"माझ्या हातून मोडली," तो म्हणाला. "सांगायची हिंमत झाली नाही."

एमिलियाने मला उलटसुलट करून पाहिलं. तिचे डोळे भरून आले. तिने नखाने एक डाग खरवडून पाहिला.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर नुसतं टोक गेलं होतं रे," ती म्हणाली. "हा गंज तू गप्प बसल्याचा आहे."

मग तिने दगड पाण्यात भिजवला, फिलिपला स्टुलावर बसवलं, त्याच्या हातात मला दिलं आणि आपले हात त्याच्या हातांवर ठेवून कोन दाखवला. रोज काम संपल्यावर अर्धा तास, असे किती आठवडे गेले ते मी मोजले नाहीत. गंज निघाला, पण काही डाग खोल गेले होते, ते घालवता घालवता माझं बरंच अंगही गेलं. टोक नव्याने काढावं लागलं. आता मी पहिल्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. फिलिपला मात्र माझी धार एमिलियाइतकीच लावता येते. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या हातात असते, आणि मला आता त्याची भीती वाटत नाही.

मित्रांनो, वापरून झालं की वस्तू पुसा, कोरडी करा, जागेवर ठेवा, एवढं तर मी सांगणारच. पण मला आणखी एक मागायचं आहे. तुमच्या हातून काही मोडलं, तर त्याच दिवशी सांगा. ओरडा बसेल तो बसेल. त्या चार महिन्यांत मला मोडक्या टोकाचं एवढं दुःख नव्हतं. खाली एमिलिया एकेक खण उघडून मला शोधत होती, मला ते रोज ऐकू येत होतं, आणि मी इथे आहे एवढं सांगायला मला तोंड नव्हतं. ज्याला तोंड होतं, तो गप्प होता.