सिग्नलला गार पडणारी गाडी

सिग्नल लाल झाला, तिने ब्रेक दाबला आणि पायाशी येणारी गरम हवा पुन्हा गार पडली.

“पाणी,” शेजारी बसलेला नवरा म्हणाला.

तिने गाडी न्यूट्रलला टाकली, बाटली उघडून त्याच्या ओठांशी धरली. त्याने डाव्या हाताने ती ढकलून दिली. निम्मं पाणी तिच्या स्वेटरवर सांडलं.

“पाणी!”

“अहो, मग मी काय देतेय? अमृत?”

मागच्याने हॉर्न वाजवला. घाईत तिच्या हातून गाडी बंद पडली, पुन्हा सुरू झाली. वेग आल्यावर हवा आधी कोमट, मग चांगली गरम झाली. तोवर त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं, ते दवाखाना येईपर्यंत तसंच होतं.

त्याने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती, दुरुस्तही केली होती. ही गाडीही जवळजवळ तेवढीच जुनी, आणि तिला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी तो न्हाणीघराच्या दारातच कोसळला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरले मोजून चार शब्द: ‘पाणी’, ‘नको’, ‘अगं’, आणि एक शिवी, जी उभ्या जन्मात त्याच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

तिने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. आठवड्यातून दोनदा त्याला व्यायामाला न्यायचं म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली. पण थंडी सुरू झाली आणि हीटरने दगा दिला. गाडी पळाली तर गरम, थांबली की गार, आणि वाटेत सिग्नल अकरा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याचा उजवा हात लाकडासारखा आखडलेला असे.

“गरम ठेवून आणत जा हो,” व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणायच्या. “निम्मा वेळ बोटं सोडवण्यातच जातो.”

त्या दिवशी तिने त्यांना बाटलीचा प्रकार सांगितला.

“होतं असं. म्हणायचं असतं एक, तोंडातून येतं दुसरंच. शब्दावर जाऊ नका.”

“पण समजतं ना त्यांना सगळं?”

बाई क्षणभर थांबल्या. “ते आत्ताच सांगता येत नाही.”

त्यांचं ते थांबणंच तिच्या मनात घर करून बसलं.

परतताना तिने गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिक तिच्या मुलीच्या वयाचा, बोलायला गोड आणि कामाला प्रामाणिक. पंधरा दिवसांपूर्वीच त्याने हीटरसाठी थर्मोस्टॅट बदलून दिला होता. आता बॉनेट उघडून तो मान खाजवत उभा राहिला.

“काकू, हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. ते पाणी तर बरोबर आहे. ही बघा, रेडिएटरची बाटली खुणेपर्यंत भरलेली आहे. म्हणजे हीटरची जाळीच तुंबली असणार. अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल. उद्या सोडा, आठवडा लागेल.”

“आठवडा? दोन वेळा बुडतील यांच्या.”

“पाणी,” आतून नवरा ओरडला. “पाणी! पाणी!” आणि मागोमाग ती शिवी.

मेकॅनिकने हसू दाबलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निमूटपणे तिने प्यायच्या पाण्याची बाटली पुढे केली. त्याने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी सोडायला निघाली, तर तो काठी टेकत तिच्या मागोमाग अंगणात आला. बॉनेटसमोर उभा राहिला आणि काठीने त्यावर ठाणकन मारलं.

“पाणी.”

“आत चला बघू. देते पाणी.”

“नको!” पुन्हा ठाणकन. “अगं... पाणी.”

ती वैतागून वळली आणि तिथेच थबकली. घरात तहान लागली की हा पाणी म्हणतच नाही. ग्लासाकडे बोट दाखवतो. म्हणतो तो फक्त गाडीत. आणि तेही हवा गार पडली की.

तिने बॉनेट उघडलं.

“बाटली भरलेली आहे हो. काल बघितली ना त्याने?”

“नको,” तो म्हणाला. काठीचं टोक बाटलीवरून सरकत पुढे गेलं आणि रेडिएटरच्या झाकणावर थांबलं. मग त्याने आपला डावा तळवा रेडिएटरवर ठेवला, तिचा हात ओढून घेतला आणि तोही तिथे टेकवला. गार आहे, म्हणजे उघडायला भीती नाही. बसखाली आयुष्य काढलेल्या माणसाने नवशिक्याला शिकवावं, तसं.

तिने झाकण दाबून फिरवलं. आत बोट घातलं. पहिलं पेर गेलं, दुसरं गेलं, अख्खं बोट गेलं, तरी ओल लागेना. एक डहाळी मोडून आत सोडली, तेव्हा कुठे टोक भिजलं.

“पाणी,” ती म्हणाली.

“पाणी,” तो म्हणाला. या वेळी अगदी हळू.

ती बंपरवर टेकून बसली. हसावं की रडावं, तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. आणि तो काठीवर रेलून, ती आवरेपर्यंत शांतपणे उभा राहिला.

दोघं गॅरेजात पोहोचल्यावर मेकॅनिकने झाकण उलटसुलट करून बघितलं आणि जीभ चावली.

“रबर गेलंय काकू. इंजिन तापलं की पाणी बाटलीत जातं, पण गार झालं की परत आत ओढलंच जात नाही. बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा. मी नुसत्या बाटलीवर विसंबलो. असंच महिनाभर चालवलं असतं, तर इंजिनच बसलं असतं.”

“म्हणजे डॅशबोर्ड?”

“कशाला खोलायचा?”

त्याने गाडीचं तोंड चढावर घेतलं, इंजिन सुरू केलं, आणि झाकण उघडं ठेवून रेडिएटरचं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, ओतू लागला. आत अडकलेली हवा बुडबुड करत वर येऊ लागली. तो झाकण लावणार, एवढ्यात नवरा म्हणाला, “नको.”

मेकॅनिक थांबला. त्याने काकूंकडे नाही, सरळ काकांकडे बघितलं.

“अजून आहे म्हणता हवा?”

नवऱ्याने मान डोलावली. दोघे वाकून आत बघत राहिले. बराच वेळ काही आलं नाही, मग एक मोठा बुडबुडा फुटला. पातळी खाली गेली. मेकॅनिकने आणखी ओतलं. शेवटी नवऱ्याने हात वर केला, तेव्हाच त्याने नवं झाकण बसवलं.

“काका, तुम्ही कालच बोलला होता. मीच ऐकलं नाही.”

पुढच्या खेपेला त्याचा हात बाईंच्या हातात पहिल्याच मिनिटात उघडला. “आज काय जादू केलीत?” त्यांनी विचारलं.

“यांना सगळं समजतं,” ती म्हणाली.

येताना पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. गरम हवा येतच राहिली. शेजारी तो कोटाचं वरचं बटण सोडायला डाव्या हाताने झटत होता. सवयीने तिचा हात पुढे गेला. तिने तो परत स्टिअरिंगवर ठेवला. चौथ्या सिग्नलला बटण सुटलं. मग तो दुसऱ्याकडे वळला.