पेन्सिलीनं लिहिलेलं भुसावळ

हिवाळ्यातल्या सकाळी सुरतेत तापीवरचं धुकं हळूहळू कतारगामच्या बाजूला सरकायचं आणि आमच्या कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर थोडा वेळ रेंगाळायचं. त्या धूसर शुभ्रतेत आधी ऐकू यायचा तो चेंडू, संथ, एकाच लयीत आपटणारा. मग कॅनव्हासच्या बुटांची करकर. आणि मग उन्हाची पहिली तिरीप बास्केटच्या फळीवरून खाली उतरली की दिसायची ती पेन्सिल. देवरे बाईंच्या अंबाड्यात फुलाच्या जागी पेन्सिल खोचलेली असे. तिच्या पिवळ्या रंगावर ऊन क्षणभर थांबायचं आणि तेवढ्यानं आम्हाला कळायचं की बाई आल्या आहेत आणि आता धावायला हवं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉलेजातले गुजराती प्राध्यापक त्यांना देवरेबेन म्हणत, आम्ही मुली नुसतंच बाई. त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. उंचीनं बेताच्या, आवाजानं त्याहून बेताच्या. शिट्टी गळ्यात असायची, पण ती वाजलेली मी फारशी ऐकली नाही. हाताचा तळवा नुसता उघडून त्यांनी पुढे धरला की नऊच्या नऊ मुली जिथल्या तिथे थबकायच्या. त्या उघड्या तळव्यात धाक नव्हता, काहीतरी देऊ केल्यासारखा तो असायचा, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणता यायचं नाही.

आमचं कॉलेज लहान, संघ त्याहून लहान. नऊ जणींतल्या सात जणी खानदेशातून पोटासाठी सुरतेत आलेल्या घरांतल्या. कुणाचे वडील मागावर, तर कुणाचे, माझ्या वडिलांसारखे, पलसाण्याच्या रंगाच्या कारखान्यात. उरलेल्या दोघी हिरे घासणाऱ्यांच्या मुली. विद्यापीठाच्या स्पर्धेत आम्ही दरवर्षी पहिल्याच फेरीत बाद व्हायचो, तेही एकाच मोठ्या कॉलेजकडून, ज्यांच्या मुली हात वर करून उभ्या राहिल्या की आम्हाला बास्केटच दिसत नसे. त्या वर्षी प्राचार्यांनी सांगून टाकलं की यंदाही पहिल्या फेरीत हरलात तर संघ बंद, आणि मैदानावर वाहनं लावायची सोय होईल. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते खरं असणार हे आम्हाला लगेच पटलं.

स्पर्धेआधी आम्हाला सरावाचे सामने हवे होते, आमच्याहून वरचढ संघांशी. पण वरचढ संघ लहान कॉलेजशी कशाला खेळतील? जिंकले तर त्यात नवल नाही, हरले तर नाचक्की. बाई सगळीकडे जोडकार्डं पाठवायच्या, उत्तराचं कोरं कार्ड सोबत जोडलेली, म्हणजे समोरच्याला फक्त होय किंवा नाही लिहायचं राहील. शहरातल्या कॉलेजांची कार्डं झटपट परत यायची आणि प्रत्येकावर तेच असायचं, तारीख शिल्लक नाही. बाई ती नकाराची कार्डं फेकत नसत. त्यांच्या मागच्या कोऱ्या जागेत आमच्या चुका लिहून त्या आमच्याच हातात देत.

मग त्यांनी नजर पूर्वेकडे वळवली. सुरतेहून भुसावळला जाणारी ती एकेरी रुळांची गाडी नंदुरबार, अमळनेर, जळगाव करत दिवसभर डुलत जायची. त्या मार्गावरच्या संघांना सुरतेचं नाव ऐकून अप्रूप वाटलं आणि होकार आले. पण खरी भिंत पुढेच होती. आमच्या वडिलांना बास्केटबॉलबद्दल काडीचीही तक्रार नव्हती. परगावी मुलगी पाठवायची म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न असे, आणि तो सातही घरांत त्याच शब्दांत विचारला जाई: "तठे आपलं कोन शे?" तिथं आपलं कोण आहे? या प्रश्नाला उत्तर नसेल तर बोलणं तिथेच संपायचं.

त्या पावसाळाभर बाई आमच्या घरी चहाला यायच्या. ओट्याशी बसून आयांना विचारायच्या, तुमचं माहेर कुठलं, बहीण कुठे दिली, नणंद कुठे असते. आमच्या आयांना सुरतेत इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. त्या खुलून बोलायच्या, कधी डोळे पुसायच्या. आम्हाला वाटायचं, बाई गप्पा मारताहेत. नवरात्र संपता संपता त्यांनी एक तक्ता कॉलेजच्या भिंतीवर टाचला आणि मी पाहतच राहिले. डाव्या बाजूला शाईनं गावं, समोरचे संघ आणि तारखा. उजव्या बाजूला पेन्सिलीनं, बारीक अक्षरांत, नंदुरबारपुढे वैशालीची मावशी, अमळनेरपुढे सुनंदाची आत्या, जळगावपुढे माझा मामा. कोणाशी खेळायचं हे त्यांनी आमच्या नात्यागोत्यातून काढलं होतं, आणि तरीही क्रम खेळाचाच होता! नंदुरबारच्या मुली वाऱ्यासारख्या पळायच्या म्हणून त्या आधी. अमळनेरच्या कोपरं मारायच्या, म्हणून पळणं जमल्यावर त्या. जळगावच्या लांबून अचूक टाकायच्या. पेन्सिल का, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माणसं आहेत बाळा. कुणी रुसतं, कुणी जातं. खोडता आलं पाहिजे."

"हरणार तर आहोतच," त्या नंदुरबारच्या गाडीत म्हणाल्या होत्या, "पण कुणाकडून, कधी आणि काय शिकून, ते आपण ठरवायचं." आम्ही हरलो. अमळनेरला तर फार वाईट हरलो, कारण सुनंदाच्या आत्यानं भाच्या आल्या म्हणून खापरावरच्या पुरणपोळ्या रचल्या, वर तुपाची धार, आणि नको म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. दुपारी मैदानावर नऊ गोण्या फिरत होत्या. बाई रागावतील म्हणून आम्ही माना खाली घातल्या, तर त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि आत्याच्या नावापुढे शांतपणे लिहिलं, जेवण सामन्यानंतर. जळगावला आम्ही जिंकलो. मामानं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

तक्त्यावर शेवटचं नाव भुसावळचं होतं. तिथल्या रेल्वेच्या वसाहतीतल्या मुली ताडमाड उंच, थेट त्या मोठ्या कॉलेजच्या मुलींसारख्या; त्यांच्याशी खेळल्याशिवाय स्पर्धेला उतरण्यात अर्थ नव्हता. पण भुसावळपुढची उजवी जागा कोरी होती. सातांपैकी एकीचंही तिथं कुणी नव्हतं. एका रविवारी सकाळी सगळे वडील आमच्या घरी जमले आणि बाई तक्ता घेऊन आल्या. माझे वडील मधे बसले होते, नखांच्या कडांना न निघणारा निळा रंग घेऊन, आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाईंनी त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल उपसली, अंबाडा सुटून केस पाठीवर आले, आणि त्यांनी काहीतरी फिकट अक्षरांत लिहिलं.

"तठे मना भाऊ शे," त्या म्हणाल्या. तिथं माझा भाऊ आहे.

कॉलेजात पुस्तकी मराठी आणि सफाईदार गुजराती बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून आमची घरची अहिराणी मी पहिल्यांदा ऐकली. वडिलांनी मान हलवली. आपल्या बोलीत दिलेल्या शब्दावर त्यांच्याकडे दुसरा प्रश्न नव्हता.

भुसावळला आम्ही टळटळीत दुपारी पोचलो. रेल्वेच्या क्वार्टरांच्या रांगेत निंबाची सावली, तारेवर वाळणारे निळे गणवेश, दूर कुठेतरी डबे जोडल्याचा धडाका. बाईंनी एका दारापुढे आम्हाला मोजलं आणि एकेकीला आत पाठवलं. नवव्या मुलीनंतर त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर वाकून बुटांची नाडी सोडत राहिल्या, आणि एवढी साधी गाठ त्यांना सुटेना. आत बाईंच्या वहिनींनी पाण्याचे पेले देता देता हलक्या आवाजात आम्हाला सारं सांगितलं. ठरलेलं लग्न मोडून ही मुलगी नोकरीला सुरतेला गेली, तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, पुन्हा हा उंबरा चढू नकोस. बारा वर्षं ती आली नव्हती. वडील गेले तेव्हा भुसावळच्या फलाटापर्यंत आली आणि स्टेशनाबाहेर पाऊल न टाकता माघारी गेली. आता भावाला जोडकार्ड पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं नव्हतं. उत्तर नसताना ती नऊ मुलींना घेऊन आली होती.

भाऊ आतून आले. उंच, पिकल्या मिशांचे, अंगात कामावरचा खाकी सदरा. त्यांनी खिशातून एक कार्ड काढून बाईंपुढे धरलं. त्याच्यावर एकच अक्षर होतं, 'ये', आणि कार्ड घड्या पडून मऊ झालं होतं.

"लिखेल व्हतं, टाकेल नही," ते म्हणाले. "आते घरमा ये."

बाईंनी आपला तळवा उघडून पुढे केला, मैदानावर आम्हाला थांबवताना करायच्या तस्साच, आणि भावानं त्यात कार्ड न ठेवता आपला हात ठेवला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि धैर्य म्हणजे आरडाओरड, असा माझा समज होता. त्या दुपारी एका बुटक्या बाईला उंबरा ओलांडताना पाहून मी अक्षरशः थक्क झाले, आणि अजून त्यातून पुरती बाहेर आलेली नाही.

सामना आम्ही हरलो. पण उंच हातांखालून चेंडू कसा काढायचा ते आम्हाला उत्तरार्धात उमगलं, आणि महिन्याभरानं त्या मोठ्या कॉलेजच्या मुली हात वर करून उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही त्यांच्या हातांकडे पाहिलंच नाही. पहिली फेरी आम्ही जिंकलो. दुसरीत बाद झालो, पण मैदान राहिलं आणि संघ राहिला. पुढच्या वर्षीचा तक्ता भिंतीवर लागला तेव्हा सगळ्यांच्या आधी मी उजवी बाजू पाहिली. मावश्या, आत्या, मामा पेन्सिलीतच होते. भुसावळपुढचं 'माझा भाऊ' तेवढं शाईनं लिहिलं होतं.

लग्न होऊन मी नंदुरबारला आले. एके वर्षी थंडीच्या तोंडावर बाईंचं जोडकार्ड आलं: नऊ मुली, एक मुक्काम, जेवण सामन्यानंतर. मी होय लिहिलं आणि त्याच दिवशी पेटीत टाकलं. तेव्हापासून किती हिवाळे नवनव्या नऊ मुली माझ्या दारात बूट काढत आल्या, आणि त्यांच्यामागून, आम्हाला मोजत असत तशाच त्यांना मोजत, बाई. अंबाडा पांढरा होत गेला, पेन्सिल पिवळीच राहिली.

गेल्या थंडीत बाई गेल्या. त्यांच्या भावाचा भुसावळहून फोन आला तेव्हा माझे वडील माझ्याकडेच होते, अंगणातल्या उन्हात, कारखाना सुटून वर्षं लोटली तरी नखांच्या कडांना थोडी निळाई उरलेले. अलीकडे ते आजारानं धास्तावले होते, मरणाचं, पुढच्या प्रवासाचं नाव काढलं की विषय बदलायचे. बातमी ऐकून त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आते तठे आपलं कोनी शे."

काळ आपली माणसं ज्या गावाला नेतो, तिथून उत्तराचं कार्ड परत येत नाही. पण वडिलांच्या त्या वाक्यापासून ते गाव मला पूर्वीइतकं परकं वाटत नाही.