चुका: शून्य

मित्रांनो, मी संगणकातला, शुद्धलेखन बघणारा एक जुना शब्दतपासनीस आहे आणि मी एकट्याने एक धगधगता बॉयलर बंद पाडला आहे. नाही पटत? अहो, आजवर कुणालाच पटलेलं नाही.

मला रूप नाही, चित्र नाही. काळ्या पडद्यावर माझं नाव टाइप करायचं, पुढे फाइलचं नाव, आणि एन्टर. की मी सुटलोच! चारशे पानं एका दमात गिळायचो आणि ढेकरही द्यायचो नाही. ओळखीचा शब्द मुकाट्याने ओलांडायचा, अनोळखी दिसला की थांबून विचारायचं, ‘बदलू, सोडू, की यादीत घालू?’ शेवटी मी ‘चुका: शून्य’ लिहिलं की कागद कचेरीबाहेर पडायचा.

ती कचेरी कारखाने तपासणाऱ्यांची. आज तुम्हाला माझ्यासमोर बसवणाऱ्या या ताई तिथे टायपिस्ट होत्या. त्यांचा धाकटा भाऊ रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर कामाला. सगळे त्याला बारक्याच म्हणत, हजेरीपटावरही तेच. त्याचे रजेचे अर्ज ताईच लिहीत. पहिल्याच आठवड्यात मी त्या नावापाशी थांबलो, तेव्हा ताई हसल्या. “याला नको रे अडवूस,” म्हणत त्यांनी ते माझ्या यादीत घातलं. त्यानंतर मी तिथे कधी थांबलो नाही.

एका दुपारी तपासनीस साहेब खुर्चीतूनच म्हणाले, “त्या रंगवाल्यांचा गेल्या वर्षीचा अहवाल काढा. तारीख तेवढी बदला.”

“साहेब, झाकणातून वाफ येते म्हणतो माझा भाऊ. एकदा जाऊन...”

“भाऊ इंजिनिअर आहे का तुमचा? पाचच्या आत कागद गेला पाहिजे.”

ताईंनी तारीख बदलली. मला चालवलं. ‘बॉयलर सुरक्षित आहे’ ही ओळ आली आणि मित्रांनो, मी ‘सुरक्षित’पाशी जो पाय रोवला, तो रोवलाच! ताईंनी कळ दाबली, मी ढिम्म. साहेबांनी येऊन कळफलक बडवला, तेव्हा मी अख्खा पडदा भरून लिहिलं, ‘आधी जाऊन बघा!’ साहेब पांढरेफटक. एका पायात बूट, एक हातात, तसेच धावले. बॉयलर थंड झाला. बारक्या आजही भोंगा झाला की डबा हलवत घरी येतो.

पुढे नवी यंत्रं आली. मला हा कोपरा मिळाला, माझ्यावरची धूळही कुणी पुसत नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या साधनांना जपा, कारण ऐन वेळी तीच...

“पुरे कर.” ताई मागून उठल्या. “खोटं आहे हे, पोरांनो. तो शब्द याच्या ओळखीचा होता, हा कशाला थांबेल? सरळ पुढे गेला. थांबायचं होतं ते मी. याने ‘चुका: शून्य’ दाखवलं आणि मी कागद पाठवला. तिसऱ्या दिवशी बॉयलर फुटला. गेलेल्यांची यादीही मीच टाइप केली. अकरा नावं होती. हा दहा नावांपाशी थांबला.”