करमरकरांची सीट

रेक्झीनवर एक खळगा पडलाय. दाराजवळच्या नवव्या सीटवर... माणूस रोज बसून उठला की पडतो तसा, मधे खोल, कडेला सुरकुत्या. उत्तम कितीतरी वेळ त्या खळग्याकडेच बघत बसला. मॅटाडोर गाडी काही नवी नव्हती, ड्रायव्हर धाकूने कुणाकडून तरी जुनीच घेतलेली, आधी कोण कोण बसलं असेल — हे सगळं पटत होतं, तरी तिथे हात ठेवून बघायला धजत नव्हता. कारण गेले दोन महिने त्या सीटवर कुणी बसलेलं नाही. बसणं शक्यच नाही. त्र्यंबक करमरकर हा माणूस मी बनवलाय.

खरं सांगतो. गाडीची कल्पना माझीच. कोपरीतून बेलापूर रोडच्या कंपन्यांत जायचं म्हणजे स्टेशन ओलांडून पलीकडे बससाठी उभं राहा, आणि ती भरून आली की थांबतच नाही. आमच्या तीन विंगमधून तिकडे जाणारी माणसं किती — पण कुणी कुणाला ओळखत नाही. मग मी जिन्याजिन्यातून फिरलो. एक गाडी, ठरलेली माणसं, सव्वासातला गेटवर. दार उघडायचं, तेही अर्धंच. "नाव काय म्हणालास?" उत्तम. "पुढे?" शेजवळ. मग जरा थांबून, "आधी कुठे होतात?" विठ्ठलवाडीच्या चाळीतून आलेलो आम्ही, घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो, ते त्यांना न सांगताच कळायचं. "बरं, बघू." सात दारांनी बघू बघू करत शेवटी हो म्हटलं. मी धरून आठ. नववं काही मिळेना.

धाकू म्हणजे चेंदणीचा कोळी, बापाची होडी सोडून गाडीवर आलेला. तो ऐकेना. "नऊ डोकी दे. आठावर गाडी काढनार नाय मी."

तेव्हा नोटीसबोर्डावरच्या यादीत मी लिहिलं — नऊ, त्र्यंबक करमरकर, बी-अकरा. बी-अकराला कायम कुलूप, मालक परदेशात. त्या सीटचे पैसे मी भरीन, महिन्याभरात खरा कुणी मिळाला की नाव खोडू, असं आपलं वाटलेलं. आणि आडनाव... ते मी विचार करून निवडलं, हेही सांगतो. त्या आडनावाला पुढचं कुणी विचारत नाही.

पहिल्या आठवड्यात मीच बोललो, करमरकर आजारी आहेत. दुसऱ्या आठवड्यात — गावाला गेलेत. तिसऱ्या आठवड्यात मी तोंड उघडायच्या आत ए विंगचे आबा पितळे म्हणाले, "आईचं दुखणं आहे रे त्याच्या. परवा जिन्यात भेटला, सांगत होता."

शेजारचा माणूस माहीत नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून आबा बोलले असतील... एवढंच असेल. मग शुभदाताई. त्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. त्यांना तो गच्चीवर भेटलेला, चादरीचं दुसरं टोक धरायला पुढे आलेला. फार हळू बोलतात हो, म्हणाल्या. असं वाढतच गेलं, आणि मला भीती याची वाटायची की एकाचं सांगणं दुसऱ्याच्या सांगण्याला कुठेच छेद देत नव्हतं. उंच. डाव्या खांद्यात थोडा झुकलेला.

आणि आज गेटवर मंजुळा उभी आहे. माझी बहीण. रबाळ्याला एका कंपनीत पॅकिंगला लागलीय, पहिला दिवस, आठला तिथलं गेट बंद होतं. उशीर झाला तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. मी तिला सांगितलेलं — काळजी करू नकोस, माझी गाडी आहे.

"नववी रिकामीच आहे," उत्तम म्हणाला. "मंजुळा बसेल."

"अरे पण आजपासून येणार होते ना करमरकर?" शुभदाताई घड्याळ बघत म्हणाल्या.

"आल्यावर त्याला काय टपावर बसवायचा?" आबा हसले. "तुझी बहीण ती आमचीच रे, पण शिस्त ती शिस्त. तूच लावलीस."

मीच लावलेली. ज्याची सीट त्याची. माणूस दिसला नाही तर दोन हॉर्न आणि दोन मिनिटं. धाकूने दोन हॉर्न दिले. सगळे बी विंगच्या जिन्याकडे बघायला लागले — सगळे, मानासुद्धा एकदम वळल्या. मंजुळाही तिकडेच बघायला लागली.

"आबा, करमरकर असा माणूसच नाही." आवाज आपलाच आहे हे उत्तमला जरा उशिरा कळलं. "धाकू ऐकत नव्हता म्हणून मी नाव लिहिलं. बी-अकराला कुलूप आहे. जाऊन बघा कुणीही."

धाकूने आरशातून बघितलं. "नाय कसा? काल बंदरावर उभा व्हता की. पान्याकडं बघत."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. कुणी रागावलंच नाही. शुभदाताई लहान मुलाला समजवावं तशा म्हणाल्या, "असं बोलू नये रे उत्तम. चांगला माणूस आहे."

"उद्या म्हणेल शुभदाताईच नाहीत," आबा म्हणाले, आणि मागे दोघंतिघं हसले.

सात माणसं. सातही जणांनी त्याला पाहिलंय... आणि मला? एखाद्या दिवशी मी आलो नाही तर दोन हॉर्न वाजतील, दोन मिनिटं होतील, पुढे? मला जिन्यात भेटलेलं कुणाला आठवेल? आबा म्हणतील, तो ए-तीनमधला रे, काय नाव त्याचं... आणि गाडी कळव्याच्या पुलावर चढलेली असेल.

मंजुळा खिडकीशी आली. डबा काखेत धरलेला. "मी बसने जाते, दादा." मग पुन्हा जिन्याकडे बघितलं. "दिसायला कसे आहेत ते? वाटेत दिसले तर सांगते, गाडी थांबलीय म्हणून."

कुणी नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

"उंच आहेत," उत्तम म्हणाला. "डाव्या खांद्यात झुकलेले. चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला."

तिने मान हलवली आणि निघाली, जवळजवळ पळतच. दोऱ्याचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. ना आबांनी, ना ताईंनी.

दोन मिनिटं होऊन गेली असावीत. धाकूने गाडी काढली नाही, आणि कुणी त्याला काढ म्हटलं नाही. मी जिन्याकडे बघत होतो, सगळ्यांसारखाच, सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून, आणि घाबरलेलो नव्हतो. राग येत होता थोडा. एवढी माणसं खोळंबलीत, बहीण माझी बसला धावत गेलीय... माणसाने वेळेवर खाली यायला काय होतं.